आपापल्या पातीचं अक्षर

आमच्या मास्तरांबरोबर गोंदियाच्या बाजारात जाणं म्हणजे डोक्याला ताप. माणूस धड चालायचाच नाही. दर दुकानासमोर थांबायचा, मान वर करायचा आणि वरची पाटी मोठ्यानं वाचायचा. मोठ्यानं म्हणजे पलीकडच्या गल्लीतला माणूस वळून पाहील इतक्या. "यहाँऽ साइकिल किराये सेऽ मिलती है!" त्याच्यापुढे साबणाची जाहिरात, मग विडीची. एकदा एक मिठाईवाला वैतागून म्हणाला, "क्यों भाई, खरीदना है कि गाना है?" मास्तर त्याला हात जोडून म्हणाले, "पढ़ना है, सेठजी. पढ़ने का पैसा लगता है क्या?"

मी तेव्हा नवी सून. सासूच्या मागून, पदर कपाळापर्यंत ओढून चाललेली. माझं माहेर कामठ्याचं. गावात शाळा होती, पण आमच्या नशिबी बकऱ्या. गोंदियाचा बाजार मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा अख्खा बाजार बोलतो आहे. भिंती बोलताहेत, डबे बोलताहेत, छत्रीवर लिहिलेलं आहे, आणि मी ठार बहिरी. मला राग आला. कोणाचा, ते विचारू नका. पण असा राग आला की घरी येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही. सासूला वाटलं, बांगड्या घेऊन दिल्या नाहीत म्हणून फुगली.

मास्तर दरेकशाकडचे, डोंगरातले. उंच, काटकुळे, आणि केस खांद्यापर्यंत. ते टोपीखाली गुंडाळून ठेवायचे, पण फळ्यावर लिहिताना टोपी सरकायची आणि केस खाली यायचे. मग सगळी पोरं हसायची आणि मास्तरही हसायचे. खडू कानावर ठेवायची सवय होती. विडीही तिथेच. एकदा भर वर्गात, विचाराच्या नादात, त्यांनी खडू तोंडात धरला आणि काडी ओढली. पेटेना म्हणून दुसरी काडी ओढली. "आजकालची विडीबी खोटी निंगून राहिली," असं म्हणून शेवटी फेकून दिला.

पोरांना त्यांनी कधी मारलं नाही. राग आला की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. बस्स. हूं नाही, चूं नाही. पोरांनी मनधरणी करायची, "मास्तर, पहा ना जी इकडे," तेव्हा कुठे एक डोळा वळायचा. चालणंही असं लचकून की गावातल्या बाया पदराआड हसायच्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं: हा माणूस दहा-बारा वर्षं दंडारीत राणी होऊन नाचलेला आहे.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि मंडईला दंडार उभी राहते. नाच, गाणी, सोंगं, राजाराणीचं कथानक. पुरुषच लुगडं नेसून बायांची कामं करतात. मास्तरांची राणी त्या भागात नावाजलेली. राणी रडली की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या नाक पुसायच्या. पण राणीला अक्षर येत नव्हतं. दंडारीत आपापला भाग असतो ना, तो एक वाचता येणारा माणूस म्हणून दाखवायचा आणि हे ऐकून पाठ करायचे. राजाचं बोलणं संपलं की राणीनं तोंड उघडायचं, राणीचं संपलं की दिवाणानं. प्रत्येकाला आपला भाग ठाऊक. दुसऱ्याचा ठाऊक असायची गरजच नाही.

एका मंडईला तो वाचणारा माणूस तापानं फणफणला. कथानक नवं, कागद तयार, माणसं जमलेली, आणि वाचणार कोण? अखेर गर्दीतून एका पोराला उचलून आणलं. चौथीतला असेल. तो कंदिलाखाली बसला आणि घडाघडा वाचू लागला. तो वाचेल ते ऐकून राणीनं बोलायचं. मास्तर ही गोष्ट सांगताना दर वेळी उभे राहायचे. "मी राणी," ते म्हणायचे, "अंगावर शालू, डोक्यावर मुकुट. अना सांगणार कोण? त नाकात शेंबूड असलेला पोट्टा! राज्य त्याचंच होतं बाप्पा. मी कायची राणी!"

दुसऱ्या आठवड्यात ते शाळेत गेले आणि पहिलीत बसले. तिशीचा माणूस, लांब केसांचा, पोरांच्या रांगेत मांडी घालून. गुरुजींना आधी वाटलं, थट्टा करायला आलाय. पोरांनी पेन्सिली लपवल्या. पण हे उठेनात. चौथी पास झाले, पुढे रडतखडत सातवी झाले आणि मास्तरकी मागायला निघाले. आमच्या गावी यायला कोणी तयार नव्हतं. चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं गाव, पावसात चहूकडून चिखल. म्हणून यांना नेमलं, तेही तात्पुरतं. वरून एक अट घातली: गावातल्या बाप्या-बायांनाही अक्षर शिकवायचं, पाऊस सरला की शाळाखात्याचे साहेब येऊन परीक्षा घेतील. वर्ग पास झाला तर नोकरी पक्की आणि मास्तरकीच्या शिक्षणाला पाठवणार. नाही झाला तर वर्ग बंद, मास्तर घरी.

आता आमचं गाव कसलं? तलाव बांधणाऱ्यांचं. पाणी कुठे अडवायचं, कुठून सोडायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. अक्षर मात्र कोणालाच नको. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्या सासूच्या मते स्वराज्यात धान काही आपोआप रोवलं जात नव्हतं. बाप्ये दोन दिवस वर्गाला आले आणि हसून निघून गेले. बाया तर आल्याच नाहीत. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला होता. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल, कोवळ्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, जुड्या पडलेल्या, वरून धार. कोण येतं पाटी घेऊन?

मग एक दिवस मास्तरच बांधीवर आले. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभे राहिले, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात बेशरमाच्या झुडपाची काडी. आम्ही आठ-दहा जणी रांगेनं वाकून रोवत होतो. रोवण्याची रीत अशी की प्रत्येकीची आपली पात असते. आपल्यापुढे ओळ लावायची, एक पाऊल मागे सरायचं, की खाली दुसरी ओळ. गाणं एकीनं उचलायचं, दुसरीनं झेलायचं. आणि दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही. घातला तर त्याचा अर्थ, तू आळशी आहेस, तुला जमत नाही. त्यावरून झिंज्या धरलेल्या मी पाहिल्या आहेत.

मास्तर बराच वेळ पाहत राहिले आणि एकदम ओरडले, "अवो बाया हो, तुमी त लिवूनच राहिल्या! ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ! पाटीवर दुसरं काय असते?"

"मास्तर, पावसात भिजून डोस्कं फिरलं का?" माझी सासू वाकल्या वाकल्या म्हणाली. सासू रांगेची पुढारीण. सगळ्या गावाला तिच्या तोंडाची धास्ती.

"तुले एक अक्षर देतो, बाई. एकच. घेतं का?"

"फुकट हाय का?"

"फुकट."

"मंग दे."

मास्तरांनी धुऱ्याच्या ओल्या मातीत काडीनं मोठा 'क' काढला आणि सासूला दिला. शेजारणीला 'म' दिला. तिच्या पलीकडे जी होती तिचं आणि आमचं पाण्याच्या पाळीवरून वर्षानुवर्षं भांडण. तिला 'प' दिला. अशी अक्षरं वाटत वाटत गेले, दंडारीतले भाग वाटावेत तशी. एका जाडजूड काकूला नुसता काना दिला. मी रांगेत शेवटी. माझ्यापर्यंत येता येता चांगली अक्षरं संपली आणि मला 'ळ' मिळाला. त्याच्यानं कोणता शब्द सुरू होतो, सांगा! आमच्या बोलीत तर तो कितीदा 'र' होतो. आम्ही शाळेला शारा म्हणतो. मी रडकुंडीला आले. मास्तर म्हणाले, "पोरी, तुया भाग लहान हाय, पन शेवटचा हाय. तू बोलल्याशिवाय 'कमळ' फुलत नाही." माझा राग गेला नाही, पण ते अक्षर मी घट्ट धरून ठेवलं.

मग काय गंमत सुरू झाली! मास्तर धुऱ्यावर शब्द लिहायचे आणि काडी एकेका अक्षरावर ठेवायचे. जिचं अक्षर ती बोलायची. "क!" म्हणून सासू गरजायची. लगेच काकू, "आऽ!" आणि सगळ्या मिळून, "का!" रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. रोवणा आटोपला तोवर प्रत्येकीच्या पदरात एकेक करून तीन-चार अक्षरं पडली होती आणि कोणताही शब्द आमच्या रांगेपुढे टिकत नव्हता. दुपारी कामं आटोपून आम्ही शाळेच्या ओसरीवर त्याच रांगेत बसायचो. मी सकाळपासून त्या दुपारची वाट पाहायची. आयुष्यात पहिल्यांदा असं काही होतं जे माझ्याशिवाय अडत होतं.

पाऊस सरला आणि साहेब आले. नागपूरकडचे, चष्मेवाले, फार शांत. मास्तरांनी नवी टोपी घातली होती. फळ्यावर त्यांनी चांगला चार ओळींचा धडा लिहिला आणि आमच्या रांगेनं तो असा म्हटला की साहेब उठून उभे राहिले. "वा! कमाल आहे," म्हणाले. मास्तरांचा चेहरा नुसता फुलला. मग साहेब म्हणाले, "आता या बाई एकट्या वाचतील." आणि त्यांनी बोट दाखवलं सासूकडे.

सासू उठली. पदर खोचला. पहिला शब्द 'कापड'. "क," ती गरजली, आणि काकूकडे पाहू लागली. काकूनं "आऽ" दिला. साहेब म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलू नका. बाई, पुढचं वाचा."

सासूनं रांगेतल्या 'प'वालीकडे मान वळवली.

"वाचा ना. पुढचं अक्षर कोणतं?"

"थो तिचा भाग हाय," सासू म्हणाली. "मी कायले बोलू?"

"पण तुम्हाला येतं की नाही?"

"काऊन येईन? थो 'प' तिचा हाय. दुसरीच्या पातीत हात घालू का मी?"

साहेबांना काही कळेना. त्यांनी दुसरीला उठवलं, तिसरीला उठवलं. प्रत्येकीनं आपली अक्षरं ठणठणीत सांगितली आणि दुसरीच्या अक्षराशी येऊन थांबली. मला उठवलं. मी अख्ख्या धड्यात माझा 'ळ' शोधून दाखवला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "मास्तर, यांतल्या एकीलाही वाचता येत नाही हो." वर्ग बंद करायला सांगणं त्यांना भागच होतं. मास्तरांनी फक्त एवढंच विचारलं, "धान घरी येईपर्यंत थांबाल का, साहेब?" साहेबांनी बराच विचार केला आणि हो म्हणाले. तेवढी मुदत मिळाली.

साहेबांना घेऊन बैलांची रेंगी गेली आणि मास्तर पायरीवर बसले. आम्हाला वाटलं, आता भिंतीकडे तोंड करतील. पण त्यांनी आमच्याकडेच पाहिलं, आणि ते मला सहन होईना. "माही चूक झाली," ते म्हणाले. "मले तसंच शिकवता येत होतं, म्हनून मी तुमाले दंडार शिकवली. वाचन नाही शिकवलं. मी मास्तर नाही, बाया हो. मी नाच्या हावो. जातो मी परत."

मला वाटत होतं, ओरडावं, की जाऊ नका, तुम्ही गेलात तर मी पुन्हा बहिरी होईन. पण सासूपुढे सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. सासूच उठली.

"कायचा जातो?" ती म्हणाली. "एकीचं धान पडलं त बाकीच्या जात नाहीत का इरजिकीले? आज तुया बांधीत, उद्या माह्या. पातीत हात घालायचा नाही, हे खरं. पन मालकीन बलावते तवा जा लागते. मी बलावतो सगळ्याइले. या माह्या घरी अना घेऊन जा 'क'. मंग मी येतो तुमच्या घरी."

आणि खरंच तसं झालं. गावात अक्षरांची इरजिक सुरू झाली. कुणी धान कांडताना, कुणी गोवऱ्या थापताना. काकूचा काना घ्यायला तर रांग लागायची, कारण त्याच्याशिवाय कोणाचंच पान हलत नव्हतं. मास्तर घरोघर फिरायचे आणि नुसते उंबऱ्याशी उभे राहून ऐकायचे. स्वतः शिकवायचे नाहीत. चुकलं तर म्हणायचे, "मालकिणीले विचारा."

अडलं ते 'प' पाशी. पाण्याच्या पाळीचं भांडण झाल्यापासून आमची सासू त्या 'प'वालीच्या घराची पायरी चढली नव्हती आणि ती बाई आमची. सगळ्यांनी 'प' घेतला, सासूनं नाही. मी एकदा हळूच म्हटलं, "आत्याबाई, मी शिकवतो ना तुमाले 'प'. मले आला आता." तिनं माझ्याकडे असं पाहिलं! "चोरीचं अक्षर घेऊ का मी?" म्हणाली. आणि त्याच दुपारी लुगडं नीट करून, मला मागे घेऊन, त्या दारात जाऊन उभी राहिली.

"कोण हाय वो?" आतून आवाज.

"मी हावो. 'प' न्याले आलो."

मग ती बाई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. "पयले 'क' दे," ती म्हणाली. "तूबी आली नाही, मीबी आलो नाही. माह्याजवळबी 'क' नाही."

दोघी अंगणात बसल्या. सारवलेल्या जमिनीवर राखेनं एकीनं काढलं, मग दुसरीनं काढलं. मधेच पाण्याच्या पाळीवरून पुन्हा जुंपली, सगळं जुनं निघालं, आणि भांडता भांडता दोघी गिरवतही होत्या. मी दारात उभी राहून हसू दाबत होते. निघताना त्या बाईनं सासूच्या कपाळाला कुंकू लावलं.

धान घरी आलं. साहेब आले. या वेळी मास्तरांनी फळ्यावर काही लिहिलंच नाही. साहेबांनी स्वतःच्या पिशवीतलं एक पुस्तक काढलं, आम्ही कधी न पाहिलेलं, आणि उघडून सासूच्या हातात दिलं. आम्हाला सक्त ताकीद, कोणी ओठ हलवायचे नाहीत. मास्तर खांबाला टेकून उभे होते, डोळे मिटलेले.

सासूनं बोट ठेवलं. "पा-णी," ती म्हणाली. थांबली. "गा..." आणि पुढे 'ळ' होता. तिची नजर सवयीनं रांगेच्या शेवटाला, माझ्याकडे आली. बोलले असते तर सगळं संपलं असतं. मी ओठ दातांत धरले. सासूनं पुन्हा पानाकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, "हे माह्या सुनंचं हाय." मग मोठ्यानं, "गाळून!" आणि पुढे, अडखळत, घाम पुसत, पण एकटीनं: "पाणी गाळून प्यावे."

साहेबांनी आणखी चार-पाच जणींना वाचायला लावलं. मलाही लावलं. मी वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही. पान डोळ्यांतल्या पाण्यानं हलत होतं, एवढं आठवतं.

"बाई," साहेबांनी सासूला विचारलं, "हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

सासू खोटं बोलायला कधी शिकलीच नव्हती. "'क' माहा होताच," ती म्हणाली. "काना इनं देला. 'प' तिनं देला. 'ळ' सुनंनं."

"आणि मास्तरांनी?"

मास्तरांनी डोळे उघडले.

"मास्तरनं? मास्तरनं त एकेकच अक्षर देलं. मोठा कंजूस मानूस!" सासू म्हणाली. "पन जी, त्यानं सगळेच अक्षरं मले एकटीलेच देले असते, त मी तिच्या घरी कायले गेलो असतो?"

साहेब असे हसले की त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला. तिथल्या तिथे म्हणाले, "मास्तर, शिक्षणाला जायची तयारी करा. परत याच गावी यायचं." मास्तरांनी वाकून नमस्कार केला, आधी साहेबांना नाही, सासूला.

ते शिक्षणाला गेले तेव्हा वर्गाचं काय, हा प्रश्न पडलाच नाही. पलीकडच्या टोल्यावरच्या, त्या लहान वस्तीतल्या, बायांनी निरोप पाठवला होता, आम्हालाही अक्षरं पाहिजेत. जाताना मास्तर म्हणाले, "मी नाही येत. तुमी जा." म्हणून एका दुपारी आम्ही गेलो, सासू पुढे, मी मागे, सवयीनं. तिथं अंगणात बाया जमलेल्या होत्या. सासूनं हातातला कोळसा माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. मी 'क' काढला. पुढे बसलेली एक म्हातारी मला खालून वर न्याहाळत होती. तिनं विचारलं, "काय वो, तू मास्तरीन हायेस का?"

माझ्या आधी सासूच बोलली.

"हो, मास्तरीन हाय थे," ती म्हणाली. "चुप्प बस अना वाच."